नमुन्यादाखल मामा

तीर्थरूप मामांच्या चरणी,

भाचीचा वाकून नमस्कार. (एरवी मी नमस्कार उरकते हे तुम्हाला ठाऊक आहे. हा मात्र पूर्ण वाकून घातला आहे आणि पत्र संपेपर्यंत मी वाकूनच राहणार आहे.) इकडे मी बरी आहे. तिकडे तुमचा डावा गुडघा, मामीचं ब्लडप्रेशर आणि दुकानातला तो स्प्रिंगचा टांगता वजनकाटा, या तिघांची तब्येत कशी आहे ते कळवावं. कळवणार नाही हेही ठाऊक आहे, कारण गेले सात महिने आपला अबोला आहे. फोन केला की मामी उचलते, सगळ्यांची चौकशी करते, आणि "मामा आहेत का?" विचारलं की "काट्यावर बसलेत" म्हणते. सात महिने एका काट्यावर बसलेला माणूस मी तरी पाहिलेला नाही. पण कागद दिसला की तो वाचल्याशिवाय तुम्ही ठेवत नाही, पुडी बांधून आलेला असला तरी उलगडून वाचता, म्हणून हे पत्र. अबोला असल्यामुळे तुम्हाला "तुम्ही" म्हणते आहे. आयुष्यात पहिल्यांदाच म्हणते आहे आणि हाताला सवय नाही, त्यामुळे मधेच कुठे "तू" सांडलं तर पुसून घ्यावं.

त्या पदवीच्या दिवसाबद्दल मी या पत्रात चकार शब्द काढणार नाही. (फक्त एवढंच, की आपल्या घरात पदवीचा झगा पहिल्यांदाच आला होता, आई त्याचं कापड दोन बोटांत धरून बघत होती, बाबा माझ्या प्राध्यापकांशी उगाच हवेबद्दल बोलत होते, आणि तुम्ही कौतुकाने म्हणालात, "हिला जन्मल्यावर पहिल्यांदा मीच तोललं. दोन किलो सहाशे वजन भरलं." त्यावर मी, अंगावर झगा असल्यामुळे, सगळ्यांसमोर म्हणाले, "मामा, वजन नाही, वस्तुमान. वजन म्हणजे बल." प्राध्यापक हसले. तुम्ही "बरं" म्हणालात, रुमालाची घडी घालून खिशात ठेवलीत आणि बसथांब्यावर जाऊन उभे राहिलात. बस यायला सव्वा तास होता.) तर त्याबद्दल मी काही लिहिणार नाही.

आता मी इथे काय करते ते सांगते, कारण आईने तुम्हाला जे सांगितलं असेल ते खरं नसणार. आई शेजारीपाजारी सांगते की पोरगी विज्ञानाच्या ऑफिसात आहे, तिथे शोध लावतात. इथे कुणीही शोध लावत नाही. आमच्या विभागाचं नाव "विज्ञानाचा इतिहास आणि तत्त्वज्ञान". दुसऱ्यांनी लावलेले शोध नेमके कसे लागले ते अर्धे लोक बघतात, आणि ते खरोखर लागले आहेत का ते उरलेले अर्धे. हे मी बाबांना समजावून सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "आणि ह्याला ऑफिस लागतं?" मी म्हटलं, बाबा, आपल्याला जे माहीत आहे ते आपल्याला कसं माहीत झालं, हे कुणीतरी विचारायलाच हवं, नाहीतर सगळं ज्ञान म्हणजे नुसती ऐकीव गोष्ट. बाबा म्हणाले, "विचार की. पण दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीवर जागा आहे. तुझे सहा महिने होईपर्यंत थांबतो म्हणालेत." ही खिडकी लक्षात ठेवावी, ती पुढे पुन्हा येणार आहे. सहा महिने म्हणजे माझी इथली नेमणूक. तेवढ्या काळात काम बघायचं आणि मग ठेवायचं की नाही ते ठरवायचं, असं आमच्या विभागप्रमुख सरांनी पहिल्या दिवशीच सांगितलं आहे.

माझं काम पत्रक काढण्याचं. दर पंधरा दिवसांनी "कार्यक्रम आणि संधी" नावाचं पत्रक ईमेलने एकोणीसशे लोकांना जातं. कुठे व्याख्यान, कुठे परिषद, कुठे शिष्यवृत्ती, ते सगळं त्यात असतं. या विषयात जगभर इतकं काही घडत असेल याची मला कल्पना नव्हती. विसरल्या गेलेल्या यंत्रांवर परिषद असते (तारीख कळवायला ते विसरले). अपयशाच्या इतिहासावर शिष्यवृत्ती असते, आणि एकदा नापसंत झालेल्याला तिथे पुन्हा अर्ज करता येत नाही. मला वाटतं खरे जाणकार तेच असतील. "काळ" या विषयावरच्या कार्यशाळेची मुदत आत्तापर्यंत चार वेळा वाढली आहे. सुरुवातीला मी प्रत्येक नोंद भक्तिभावाने वाचायची आणि प्रत्येक ठिकाणी आपण जावं असं मला वाटायचं. पत्रक पाठवण्याआधी मी ते तीनदा तपासते. ही सवय तुमचीच: एकदा सरळ तोलायचं, एकदा पारडी बदलून, आणि एकदा सगळं उतरवून पुन्हा. मी एकदा वरून खाली वाचते, एकदा खालून वर, आणि एकदा चहा पिऊन आल्यावर.

अडचण एकच, ही विद्वान मंडळी फॉर्म भरत नाहीत. म्हणजे भरतात, पण त्यात बसत नाहीत. फॉर्ममध्ये "वेळ" असा रकाना आहे. एका तत्त्वज्ञाने तिथे वेळ म्हणजे काय यावर दीड पान लिहिलं आणि व्याख्यान किती वाजता ते लिहिलंच नाही. "स्थळ" या रकान्यात दुसऱ्याने "अद्याप वादग्रस्त" असं लिहून पाठवलं. वक्त्याचा परिचय एकतर सात पानी येतो, नाहीतर "सर्वांना माहीत आहेच" असा येतो. म्हणून मी ठरवलं की फॉर्मबरोबर एक भरलेला नमुना जोडायचा, बँकेत भिंतीवर भरलेली स्लिप चिकटवलेली असते तसा. आता नमुन्यात कुणाचं नाव घालायचं? खोटं नाव घालायला माझं मन धजेना. (हसू नये. जिथे सगळेजण सत्य म्हणजे काय ते शोधतात, तिथे आपण पहिलंच काम खोट्याने सुरू करायचं?) म्हणून तुमचं घातलं.

वक्ते: तुमचं पूर्ण नाव, आजोबांच्या नावासकट. परिचय: वजनकाटे दुरुस्ती, बेचाळीस वर्षं. विषय: "काटा खरं बोलत नाही". सारांश: "कोणताच काटा खरं बोलत नाही. वाईट काटा रोज वेगळं खोटं बोलतो. चांगला काटा रोज सारखंच खोटं बोलतो. मग तेवढं वजा करायचं आणि कामाला लागायचं." स्थळ: तळमजला, सभागृह क्रमांक दोन. वेळ: गुरुवार, सकाळी अकरा. सूचना: येताना घरातली एखादी वस्तू आणावी आणि तिचं वजन आधी अंदाजाने चिठ्ठीवर लिहून आणावं. (हा खेळ तुम्ही दुकानात आम्हा पोरांशी खेळायचात. मी एकदा कुलूप आणलं होतं आणि माझा अंदाज फक्त पाच ग्रॅमने चुकला होता. त्या दिवशी तुम्ही मला तुमच्या स्टुलावर बसू दिलं होतं.)

हा नमुना माझ्या कॉम्प्युटरवर पडून राहायचा होता. तो चुकून पत्रकात गेला. नुसता गेला असता तरी कुणी बघितलं नसतं, पण तो चुकून सगळ्यात वर गेला.

पत्रक सकाळी दहाला सुटलं. साडेदहापर्यंत तेवीस जणांनी येतो म्हणून कळवलं. आमच्या व्याख्यानाला एरवी नऊ माणसं येतात, त्यातली दोन पंख्यासाठी. अकरा वाजता आमचे शंकासुर आले. (यांचं खरं नाव मला ठाऊक आहे, पण आपलं खरं नाव आपल्याला कसं ठाऊक असतं यावर त्यांचंच पुस्तक आहे, तेव्हा ते राहू दे. ते तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक आहेत आणि लिफ्टचं बटण दाबूनही लिफ्ट येईल असं गृहीत धरत नाहीत, जिन्याने जातात.) त्यांनी मला विचारलं, "काटा खरं बोलत नाही, हे विधान काट्याबद्दल आहे की सत्याबद्दल?" मी म्हटलं, "काट्याबद्दल, सर." ते म्हणाले, "असं तुम्हाला वाटतं," आणि खूश होऊन गेले.

त्यांच्या पाठोपाठ तळटीपबाई आल्या. या इतिहासाच्या. यांनी "आज उकडतंय" म्हटलं तरी खाली कुठल्या वर्षीच्या उकाड्याशी तुलना केली ते सांगतात. त्यांनी वही उघडून विचारलं, "हे कुठल्या परंपरेतले?" मी म्हटलं, "सातवीपर्यंत शिकलेत, मग वडिलांच्या दुकानात बसले." त्यांनी लिहिलं: "मौखिक परंपरा, दुसरी पिढी." मग विचारलं, "यांचं लिखाण?" मला तुमची दुकानातली पाटी आठवली, "काट्यावर टेकू नये". ती मी सांगितली आणि त्यांनी तीही उतरवून घेतली. दुपारी परदेशातल्या एका प्राध्यापकांनी तुमच्या न झालेल्या व्याख्यानाचं सहा पानी खंडन पाठवलं. चांगला काटा रोज सारखंच खोटं बोलतो हे मान्य केलं, तर मग काट्याला चांगलं म्हणायचा अधिकार आपल्याला कुणी दिला, असा त्यांचा सवाल आहे. संध्याकाळी दुसऱ्या प्राध्यापकांनी त्या खंडनाचं खंडन पाठवलं. त्यातलं पहिलं वाक्य "आपण मामांना समजूनच घेतलेलं नाही" असं आहे. (तुम्ही माझे मामा आहात हे तोवर बाहेर फुटलं होतं, आणि आता सगळे तुम्हाला मामाच म्हणतात.) मामा, खरं सांगते, मी पाच महिने या लोकांना चहाच्या वेळी गप्प बसलेले पाहिलेत. तुमच्या चार वाक्यांवर ते त्या दिवशी जिन्यात उभे राहून भांडत होते.

दुसऱ्या दिवशी सरांनी मला खोलीत बोलावलं. शंकासुर आधीच येऊन बसले होते.

"हे गृहस्थ आहेत का?" सरांनी विचारलं.

"आहेत, सर."

"कशावरून?" शंकासुर म्हणाले.

"माझे मामा आहेत."

"ते नातं झालं. मी अस्तित्वाबद्दल विचारतोय."

सरांनी त्यांना हाताने थांबवलं. "त्यांना विचारलं होतंत?"

"नाही, सर. नमुना चुकून गेला."

"मग आता विचारा."

"ते माझ्याशी बोलत नाहीत, सर."

शंकासुर खुर्चीत पुढे सरकले. "म्हणजे आहेत, पण उत्तर देत नाहीत. या प्रकारावर खूप जुना वाद आहे."

सरांनी समोरचा कागद उलटा केला. "सभागृह क्रमांक दोन त्या गुरुवारी मामांच्या नावावर आरक्षित दिसतंय. नमुन्याला सभागृह लागतं का?"

मी म्हटलं, तेही चुकूनच झालं असावं. सर चष्मा काढून पुसत राहिले. (सर वाईट नाहीत. फक्त ते चष्मा पुसायला लागले की माणसाला आपलं सगळं आयुष्य आठवतं.) मग म्हणाले, "गुरुवारी वक्ते आले, तर तो कार्यक्रम. नाही आले, तर ती चूक. चुकीबद्दल आपण शुक्रवारी बोलू." त्याच शुक्रवारी माझे सहा महिने पूर्ण होतात.

मी रडले नाही. खाली कपाटकाकांच्या खोलीत जाऊन जमिनीवर बसले, एवढंच. कपाटकाका म्हणजे जुन्या उपकरणांच्या कपाटांच्या किल्ल्या सांभाळणारे. त्यांच्या खोलीत काचेच्या पेटीत एक पितळी तराजू आहे, दोन पारड्यांचा, शंभराहून जास्त वर्षांचा. तो वापरणाऱ्या माणसाची वही शिल्लक आहे आणि वहीतले सगळे आकडे एकाच बाजूला, सारख्याच मापाने चुकलेले आहेत. त्यावर शंकासुर आणि तळटीपबाई यांचं अकरा वर्षं भांडण चालू आहे. बाई म्हणतात, त्याने गुरूला खूश करायला आकडे फिरवले. शंकासुर म्हणतात, बघणं आणि फिरवणं यांत मुळात फरकच करता येत नाही. दोघांनी मिळून पाच निबंध लिहिले आहेत आणि पेटीचं दार एकदाही उघडलेलं नाही. मी खाली बसले होते, म्हणून मला तराजू खालून दिसला. (काट्याकडे आधी खालून बघावं, वरून सगळेच सज्जन दिसतात, असं तुम्ही म्हणता.) डाव्या पारड्याच्या पोटाशी लाखेचा एक गोळा चिकटवलेला आहे, वाटाण्याएवढा. पासंग. आता तो दांडीतला फरक भरून काढायला लावलाय, की फरक पाडायला लावलाय, हे हाताने बघितल्याशिवाय सांगता येत नाही. मी हात लावला नाही आणि कुणाला सांगितलंही नाही. इथे ज्ञान पुष्कळ आहे, पण या एका कामात सगळे मिळून तुमच्या पासंगाला पुरायचे नाहीत. कपाटकाकांना नुसतं विचारून पाहिलं, तर ते फडकं झटकून म्हणाले, "त्यात काही बिघाड नाही, पोरी. तीस वर्षं रोज पुसतोय मी." असो.

तर मामा, हे सगळं निव्वळ माहितीसाठी लिहिलं. तुम्ही यावं अशी माझी मुळीच अपेक्षा नाही. दुकान बंद ठेवणं आलं, गुडघा आहे, आणि एकोणीसशे लोकांसमोर एका नमुन्यापायी कुणी प्रवास करत नाही. मी सरांना सांगेन की वक्त्यांची प्रकृती बरी नाही, नमुना चुकून गेला, माफ करा. शुक्रवारी ते जे बोलतील ते ऐकून घेईन आणि सोमवारी खिडकीवर जाऊन बसेन. केसपेपरच्या खिडकीतूनही माणसाला शिकता येतं. लोक रांगेत कसे उभे राहतात याचा इतिहास अजून कुणी लिहिलेला नाही.

मामीला नमस्कार. स्प्रिंगच्या काट्यावरून एकदा हात फिरवावा. लोभ वाढावा म्हणायचा हक्क मी सात महिन्यांपूर्वी घालवला, तेव्हा आहे तेवढाच राहू द्यावा.

आपली आज्ञाधारक (या वेळी खरोखर),
भाची

ता. क. १: तुम्ही येणार नाही हे ठरलंच आहे. तरी एक माहिती म्हणून: येत्या नाही, त्याच्या पुढच्या गुरुवारी पहाटेची पहिली बस सव्वानऊला इथे पोचते. मी त्या वेळी थांब्यावर असतेच, विभागाचं टपाल घ्यायला. (टपाल आता ऑफिसातच येतं, पण सवय.) सभागृह तळमजल्यावर आहे, गुडघ्याला एकही पायरी नाही, मी जाऊन मोजून आले, एक उंबरठा आहे, तो दोन बोटं. वजनांची लहान पेटी आणि भिंग बरोबर असलेलं बरं.

ता. क. २: मामा, मी पुन्हा पुस्तक उघडलं. दोन पारड्यांच्या तराजूवर वस्तुमान तोललं जातं, हे बरोबर. पण तू मला पारड्यात घातलं नव्हतंस. आईच्या ओढणीत गुंडाळून स्प्रिंगच्या काट्याला टांगलं होतंस. स्प्रिंग ताणली जाते ती बलाने. म्हणजे त्या दिवशी तू वजनच केलं होतंस, किलो फक्त तबकडीवर छापलेले होते. तू बरोबर होतास आणि झगा चुकीचा होता. (तो काटा पन्नास ग्रॅम जास्त दाखवतो, हे तू मला सातवीत असताना सांगितलंस आणि आईला आजवर सांगितलेलं नाहीस. मीही सांगणार नाही.)

ता. क. ३, फक्त मामीसाठी: मामी, चष्मा सापडेपर्यंत पत्र तूच वाचून दाखवतेस, तेव्हा इथे जरा थांब. त्याने गुडघ्याचं नाव काढलं तर काही बोलू नकोस. नुसतं म्हण, "कपाटकाका म्हणतात, त्या तराजूत काही बिघाड नाही." आणि पांढरा सदरा इस्त्रीला टाक.

ता. क. ४: ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही. या पत्रात "चुकून" हा शब्द सहीच्या वर पाच वेळा आलेला आहे, मी मोजला. पत्रक मी तीनदा तपासते हेही वर लिहिलं आहे, आणि तुला ते तिथेच खटकलं असणार. त्या वेळीही तीनदा तपासलं होतं. वरून खाली, खालून वर, आणि चहा पिऊन आल्यावर. सभागृह आदल्या दिवशीच आरक्षित केलं होतं. तुला चुकीचं ठरवलं ते मी लोकांसमोर. तेव्हा तुझं बरोबरही लोकांसमोरच व्हायला हवं होतं, आणि तू तर फोनवर येत नाहीस. पाचही वेळा मी अगदी सारखंच खोटं बोलले आहे. तेवढा पासंग वजा कर आणि ये.